शाळेच्या पैशांचा हिशेब माहिती अधिकारात मागताना: अर्ज कुठे द्यायचा, काय लिहायचे, कुठे अडतो

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेसाठी आलेला पैसा मुलांच्या कामी लागला का, हे पाहायला पालक माहिती अधिकारात अर्ज करतात. महिन्याने एका ओळीचे उत्तर येते: ‘माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ किंवा ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’. पालक तिथेच थांबतात. खरे तर अशी बरीचशी उत्तरे अर्जावरचा पत्ता आणि मजकूर नीट केला तर टळतात.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. आपले मूल त्या शाळेत असण्याची अट नाही आणि माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही (माहिती अधिकार कायद्याचे कलम 6(2)). मात्र अर्ज स्वतःच्या नावाने करा. पालक संघाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज ‘अर्जदार नागरिक नाही’ असे म्हणून परत पाठवायला आयते कारण मिळते.

नमुना जोडपत्र ‘अ’ चा. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरे. राज्य शासनाच्या पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण पुरावा जोडावा लागतो. नुसत्या पिवळ्या शिधापत्रिकेच्या झेरॉक्सवरून वाद होतात, म्हणून दारिद्र्यरेषेच्या यादीतला दाखला जोडलेला बरा. तो हाताशी नसेल तर त्यासाठी महिने घालवू नका, 10 रुपये भरून मोकळे व्हा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पत्त्यावर. शाळा एक असली तरी तिचा पैसा अनेक टेबलांवरून खर्च होतो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतले संयुक्त शाळा अनुदान शाळेच्या पातळीवर, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने खर्च होते. त्याची रोकडवही, प्रमाणके (म्हणजे बिले) आणि ठराव शाळेत असतात. बाके, डिजिटल फळे यांसारखी मोठी खरेदी मात्र महापालिका बहुधा एकगठ्ठा करते. तिची निविदा आणि देयके मुख्यालयातल्या शिक्षण विभागात असतात, शाळेत फक्त साहित्य मिळाल्याची पोच आणि जडसंग्रह नोंदवहीतली (म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीतली) नोंद. छत आणि शौचालयांची दुरुस्ती अभियांत्रिकी किंवा बांधकाम विभागाकडे. त्यामुळे बाकांचे बिल मुख्याध्यापकांकडे मागितले आणि ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर ते खरे असू शकते. त्यावरून शिक्षकांवर संशय घेऊ नका.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी त्या त्या महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला (माहितीचे अर्ज घेऊन उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहा. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ इथल्या जिल्हा परिषद शाळांसाठी त्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला. खारघर, कामोठे, कळंबोलीला लोक नवी मुंबई म्हणतात, पण हा भाग रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतो. तिथला अर्ज बेलापूरला नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात देऊन उपयोग नाही. आधी शाळेच्या फलकावर व्यवस्थापन कोणाचे आहे ते वाचा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हे त्या कार्यालयाचे काम आहे (कलम 6(3)). ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून परत करणे कायद्यात बसत नाही, तरीही ते सर्रास होते, आणि हेलपाटे पालकांना पडतात.

आता मजकूर. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. पोषण आहार, रंगकाम आणि बाके एकाच अर्जात घातली, तर पहिल्याच विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यासाठी वेगळे अर्ज करायला सांगता येते. ‘निकृष्ट बाके का घेतली?’, ‘जबाबदार कोण?’ असले प्रश्न विचारू नका. अधिकाऱ्याने नोंदीत असलेले द्यायचे असते, नवे स्पष्टीकरण लिहून द्यायचे नसते. कागदाचे नाव, वर्ष आणि शाळा लिहा. उदाहरणार्थ:

‘अमुक शाळा, आर्थिक वर्ष 2024-25, संयुक्त शाळा अनुदान. (1) प्राप्त रक्कम व दिनांक दर्शविणाऱ्या नोंदी, (2) खर्चाची प्रमाणके व दरपत्रके, (3) खर्चास मान्यता देणारे शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव, (4) जडसंग्रह नोंदवहीतील त्या वर्षाच्या नोंदी, (5) उपयोगिता प्रमाणपत्र. वरील अभिलेखांचे प्रथम निरीक्षण करून नंतर निवडक प्रती हव्या आहेत.’

यातले शेवटचे वाक्य विसरू नका. निरीक्षणाचा पहिला तास विनामूल्य असतो, प्रतींना पानामागे 2 रुपये पडतात. आधी पाहिले की नेमकी कोणती पाने हवीत ते कळते आणि ‘माहिती विस्तृत आहे’ ही सबबही उरत नाही.

पाहायला बसलात की नुसत्या बेरजा जुळवू नका. उपयोगिता प्रमाणपत्रातून पैसा खर्च झाला एवढेच कळते, तो योग्य वस्तूवर झाला की नाही हे कळत नाही. समग्र शिक्षेच्या निकषांत अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यापुढे 1 लाख, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात रक्कम हप्त्यांनी आणि कमीही येते. म्हणून जमा झाल्याची तारीख बघा. मार्चमध्ये आलेला पैसा 31 मार्चच्या आत संपवायच्या घाईत भिंती रंगवण्यात जातो आणि नळाला तोट्या नसतात ते तसेच राहते. त्याचा दोष एकट्या मुख्याध्यापकांना देणे अन्यायाचे आहे. बिलातली वस्तू जडसंग्रहात आहे का आणि जडसंग्रहातली वर्गात आहे का, हे दोन्ही तपासा.

पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज प्रत्येकी 100 ग्रॅम धान्य धरलेले असते. 120 मुले आणि 22 दिवस म्हणजे 264 किलो. साठा नोंदवहीतला वापर रोजच्या हजेरीशी ताडून पाहा. मुलांची नावे मागू नका, वर्गवार संख्या मागा. नावांवर वैयक्तिक माहितीचा आक्षेप येतो.

मुदतीत फार जण फसतात. उत्तर द्यायचे 30 दिवस मोजायचे ते कार्यालयाला अर्ज मिळाल्यापासून, तुम्ही टपालात टाकल्यापासून नव्हे. म्हणून पोच हवीच. प्रतींचे शुल्क भरायचे पत्र आले की लगेच भरा. कार्यालयाने पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या 30 मध्ये धरत नाहीत आणि पैसे न भरल्याने कित्येक अर्ज निकाली निघतात. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मात्र विनामूल्य द्यावी लागते (कलम 7(6)).

उत्तर आले नाही तर ‘अजून थोडी वाट पाहू’ म्हणत बसू नका. पहिल्या अपिलाची मुदत 30 दिवसांचीच असते: उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तर नसल्यास ते द्यायची मुदत संपल्यापासून. जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्यावर निर्णय 30, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. तोही झाला नाही किंवा पटला नाही, तर 90 दिवसांत जोडपत्र ‘क’ भरून दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे: ठाणे-रायगडसाठी कोकण खंडपीठाकडे, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. सोबत मूळ अर्ज, पोच, आलेले उत्तर, पहिले अपील आणि त्याचा आदेश यांच्या प्रती लागतात. यातली पोचच बहुतेकांकडे नसते. अर्ज हातोहात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.