स्पॅनिश मिशनचे अवशेष : छायाचित्रांवरून ओळख

स्थानिक लोकांना ख्रिस्ती करून एका जागी वसवण्यासाठी स्पॅनिश धर्मगुरूंनी अमेरिका खंडात उभारलेल्या वसाहतींना मिशन म्हणतात. त्यातली बरीच मिशन आज पडक्या अवस्थेत आहेत. जुना फोटो किंवा पोस्टकार्ड पाहून त्यातले अवशेष नेमके कुठले आणि मुळात मिशनचे आहेत का, हे ठरवताना फोटोखालच्या मजकुरावर फारसे विसंबता येत नाही.

याचे ठळक उदाहरण फ्लोरिडातल्या न्यू स्मर्ना इथले. तिथल्या कमानदार भिंती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोस्टकार्डांवर ‘जुने स्पॅनिश मिशन’ म्हणून छापल्या गेल्या. प्रत्यक्षात तो १८३० च्या सुमारास बांधलेला साखरेचा कारखाना. १८३५ मध्ये, सेमिनोल या स्थानिक जमातीशी अमेरिकेच्या झालेल्या दुसऱ्या युद्धाच्या सुरुवातीला, तो जाळला गेला. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरही असाच घोळ झाला होता. तिथल्या भिंती टॅबीच्या, म्हणजे शिंपल्यांचा चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले कालवून साच्यात ओतलेल्या. १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जेम्स फोर्ड यांनी तिथल्या एलिझाफील्ड इथे उत्खनन केल्यावर तीही एकोणिसाव्या शतकातली साखरेची इमारत असल्याचे दिसले. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला अशा फोटोत काय शोधायचे ते चटकन कळेल : धुराडे, लांबलचक चुलवाण आणि त्यावर काहिली बसवायच्या ओळीने जागा. प्रार्थनामंदिरात त्यांचे काय काम?

या भागातली सतराव्या शतकातली मिशन लाकूड, कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर अशी होती. १७०२ ते १७०४ दरम्यान कॅरोलायनातून आलेल्या इंग्रजांनी आणि त्यांच्या स्थानिक मित्रांनी त्यातली बहुतेक उद्ध्वस्त केली. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या फोटोत उंच, पक्क्या भिंती दिसल्या की आधी शंकाच घ्यावी. कमान हा तर सर्वांत फसवा पुरावा. कॅलिफोर्नियात पुढे रेल्वे स्थानकेसुद्धा मिशनच्या धर्तीवर कमानी घालून बांधली गेली.

न्यू मेक्सिकोत कमानीपेक्षा चिऱ्यांकडे बघावे. सलिनास खोऱ्यातली तिन्ही मिशन दुष्काळ, उपासमार आणि अपाचे टोळ्यांचे हल्ले यांमुळे १६७० च्या दशकात ओस पडली. आबो आणि क्वाराईच्या भिंती तांबूस वालुकाश्माच्या, तर ग्रान किविराच्या करड्या चुनखडकाच्या. छप्परे सपाट, लाकडी तुळयांवर पेललेली. म्हणून तुळयांची भोके आणि दारांवरच्या चौकोनी मोकळ्या जागा दिसतात. कृष्णधवल फोटोत रंगाचा आधार सुटतो, तेव्हा याच खुणा उपयोगी पडतात.

ॲरिझोनातल्या तुमाकाकोरीचे चर्च मातीच्या कच्च्या विटांचे. त्याचा घंटामनोरा पुरा झालाच नाही. मागे बिनछपराचे गोल शवगृह आहे. कॅलिफोर्नियातल्या सान हुआन कापिस्त्रानोचे दगडी चर्च १८०६ मध्ये पुरे झाले आणि ८ डिसेंबर १८१२ च्या भूकंपात प्रार्थना चालू असतानाच कोसळले. चाळीसेक माणसे दगावली. वेदीकडचा भाग, त्यातल्या कोनाड्यांसह, उभा राहिला आणि तोच बहुतेक फोटोंत दिसतो.

फोटोचा काळही पाहावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या लोम्पोकजवळचे ला पुरिसिमा मिशन जुन्या फोटोंत पडके दिसते, पण १९३० च्या दशकात ते पुन्हा बांधले गेले. आज तिथे जाऊन जुळवणी करणारा गोंधळणारच. त्यापेक्षा १९३३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन ऐतिहासिक इमारत सर्वेक्षणातली मोजमापांची रेखाटने आणि फोटो शेजारी ठेवणे बरे. शिवाय काचेच्या निगेटिव्हची छपाई कधीकधी उलटी होते. तुमाकाकोरीचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे, त्यामुळे समोरून पाहताना मनोरा उजवीकडे दिसायला हवा. तो डावीकडे असला, तर जागा नाकारण्याआधी फोटो आरशात धरून पाहावा.