विद्युत दाब विभाजक (व्होल्टेज डिव्हायडर)

संकेताचा विद्युत दाब ठरावीक प्रमाणात उतरवणारे दोन रोधकांचे (रेझिस्टरचे) मंडल. रोधक एकसरीत जोडून वरच्या टोकाला संकेत देतात, खालचे टोक ग्राउंडला जोडतात आणि मधल्या सांध्यावरून उतरलेला दाब घेतात. एकसरीत प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे ओहमच्या नियमानुसार दाबाची वाटणी रोधांच्या प्रमाणात होते : मिळणारा दाब = दिलेला दाब × खालचा रोध ÷ दोन्ही रोधांची बेरीज.

गोव्यातील फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा पॉलिटेक्निकात काय, विद्यार्थ्याला याची खरी गरज पडते ती प्रकल्प जोडताना. सेन्सर ५ व्होल्टचा संकेत देतो आणि ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरची पिन ३.३ व्होल्टची. वर १.८ आणि खाली ३.३ किलोओहम लावले की ३.२४ व्होल्ट मिळतात. त्याच सांध्यावर ३.३ किलोओहमचा भार (सांध्यावरून प्रवाह घेणारे उपकरण) टाकला, तर मात्र दाब २.३९ व्होल्टवर येतो. भाराचा रोध खालच्या रोधकाच्या किमान दसपट हवा, तोही अंदाजापुरता. रिले किंवा मोटर यावर चालवू पाहणे व्यर्थ आहे. विभाजक संकेतासाठी, पुरवठ्यासाठी नव्हे.

गोव्यात जत्रेच्या नाटकांना आणि भजनांना ध्वनियोजना लागतेच. मिक्सरवर माइकची जागा तेवढी मोकळी असते आणि कीबोर्ड तिथे जोडला की आवाज फाटतो, कारण माइकचा संकेत मिलिव्होल्टांत असतो. वर १० किलोओहम, खाली १०० ओहम लावल्यास संकेत १०१ पटींनी, म्हणजे सुमारे ४० डेसिबलने उतरतो. हे रोधक जॅकच्या टोपणातही मावतात. मात्र मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकला त्याच तारेतून मिळणारी वीज) बंद असावा. व्हॉल्यूमची चकतीही विभाजकच. तिच्यात प्रमाण फिरवता येते, एवढेच.

बॅटरीवरच्या उपकरणांत बॅटरीचा दाब मोजणाऱ्या विभाजकात प्रवाह वाचवण्यासाठी मेगाओहमचे रोधक घेतात. किनारपट्टीवर पावसाळ्यात हे अंगाशी येऊ शकते : मंडलाच्या पट्टीवर (सर्किट बोर्डवर) खारट ओलाव्याचा थर बसतो, तो खालच्या रोधकाला समांतर वाट देतो आणि वाचन कमी येते. पट्टी स्वच्छ करून तिच्यावर संरक्षक लेप द्यावा, किंवा किलोओहमचे रोधक घेऊन थोडा प्रवाह खर्ची घालावा.

घरातील २३० व्होल्टच्या तारांवर हे मंडल हौशीने लावू नये. ते दाब उतरवते, पण ट्रान्सफॉर्मरसारखे घरातील तारांपासून विलगीकरण देत नाही. खालचा रोधक तुटला, तर सांध्यावर जवळजवळ पूर्ण दाब येतो.