बत्तीस किलोमीटर समुद्र आणि साडेसहा हजार फूट

विमानाच्या पंखाखाली एक बारीक झडप असते. मावसभावानं तिच्याखाली पारदर्शक नळी धरून थोडं पेट्रोल काढलं, नळी उजेडाकडे केली आणि म्हणाला, "ताई, आधी रंग बघ, मग तळ बघ." रंग फिकट निळा होता. लहान पिस्टन इंजिनाच्या विमानांचं हे पेट्रोल मुद्दाम निळं रंगवतात, म्हणजे दुसरं इंधन चुकून भरलं गेलं तर लगेच कळतं. तळ बघायचा तो पाण्यासाठी. टाकी अर्धवट रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतलं बाष्प दवासारखं पत्र्यावर जमतं आणि ओघळून खाली येतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते बुडाशी बसतं. नळीच्या तळाशी एखादा रंगहीन थेंब लोळताना दिसला तर पुन्हा पेट्रोल काढायचं, थेंब येईनासा होईपर्यंत. आणि रंग आधी का? तर नळीत सगळं पाणीच आलं, तर त्यात पाण्याचा थेंब वेगळा दिसणार कसा? अशा वेळी निळा रंग नाही, एवढीच खूण उरते.

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. घनतेचा धडा इतका नेमका कामाला आलेला मी त्या दिवशी पाहिला.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच विमानतळावर होतो. मावसभाऊ बरीच वर्षं तिकडेच आहे. त्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, आणि सुटीच्या दिवशी जवळपासच्या छोट्या विमानतळांवर उडत जाऊन जेवून परत येणं हा त्याचा छंद. विमान होतं सेस्ना १७२. चार माणसं बसतील एवढं, पंख डोक्यावर, पुढे एकच पंखा आणि एकच इंजिन. १९५६ पासून विकलं जाणारं हे विमान आजवर ४४ हजारांहून जास्त बनलं आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या नाही. आम्हाला जायचं होतं सांता कॅटलिना बेटावर, सरळ रेषेत सुमारे ५२ किलोमीटरवर. म्हणजे पुणे ते लोणावळा यापेक्षा अंतर कमीच. फरक इतकाच की मध्ये पॅसिफिक महासागर आहे आणि इंजिन एक आहे.

मला भीती वाटली, आणि मी ती बोलून दाखवली. त्यानं समजूत घातली नाही. कागद पुढे केला आणि म्हणाला, "इंजिन मध्यावर बंद पडलं असं धरून चाल. आपण कुठे उतरू ते तूच काढ."

त्यासाठी एकच आकडा लागतो. या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून उतरावं तसं उतरतं. दर एक किलोमीटर उंचीमागे ते साधारण नऊ किलोमीटर पुढे जातं. उतारावर पेडल न मारता सायकल जशी चालते, तशीच ही गोष्ट आहे. पंखामुळे मिळणारी उचल आणि हवेचा विरोध यांचं गुणोत्तर नऊ, म्हणून उतारही एकास नऊ. यातून आणखी एक गोष्ट कळते. हजार किलो वजनाच्या विमानाला हवा मागे खेचते ती जेमतेम एकशेदहा किलो वजनाएवढ्या जोरानं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुण्यातल्या लोकांना बिनइंजिनाची ग्लायडर माहीत आहेत. लांब, निमुळत्या पंखांमुळे त्यांचं हेच गुणोत्तर सेस्नाच्या कितीतरी पट असतं.

मात्र हा नऊचा आकडा एका ठरावीक वेगालाच मिळतो. आमच्या विमानासाठी तो ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. वेग वाढवला तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे कुणालाही पटेल. पण वेग कमी केला तरी विरोध वाढतो, आणि खरी गोम इथे आहे. हळू चालणाऱ्या पंखाला तेवढंच वजन तोलायचं तर तो हवेला जास्त तिरका धरावा लागतो. मग पंखाच्या टोकांशी हवेचे भोवरे जोर धरतात, आणि त्या भोवऱ्यांना लागणारी ऊर्जा विमानाच्याच खात्यातून जाते. इंजिन बंद पडल्यावर नाक वर करून थोडं लांब जाऊ, असं मनाला वाटतंच. तसं केलं की विमान उलट लवकर खाली येतं. म्हणून वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, इंजिन गेलं की आधी वेग धर, बाकी सगळं नंतर.

आता समुद्राचा हिशोब. लाँग बीचहून तिरकं निघालं तर पाण्यावरचं अंतर वाढतं. त्यामुळे आधी किनाऱ्याकाठानं सान पेद्रोच्या पॉइंट फर्मिनपर्यंत जायचं आणि तिथून समुद्र ओलांडायचा. पॉइंट फर्मिनला १८७४ सालचं लाकडी दीपगृह आहे, ते वरूनही ओळखू येतं. तिथून बेटाचा किनारा सुमारे ३२ किलोमीटर, म्हणजे निम्मं अंतर १६. भागिले नऊ. उंची हवी १,७८० मीटर, वैमानिकांच्या भाषेत ५,८०० फूट. त्या दिशेला जाणाऱ्या विमानांनी साडेचार, साडेसहा, साडेआठ हजार अशा उंच्यांवर उडायचं, समोरून येणाऱ्यांनी साडेपाच, साडेसात हजारांवर, असा नियम आहे. म्हणून आम्ही घेतले ६,५०० फूट. तेवढ्या उंचीवरून १७.८ किलोमीटर तरंगत जाता येतं. म्हणजे वाटेत असा एकही बिंदू नाही, जिथून एकही किनारा गाठता येणार नाही.

मी विचारलं, "आणि वारा?" वाऱ्याचं उत्तर मला फार आवडलं. समजा बेटाकडून १० नॉटचा वारा येतोय. तोंडावर वारा घेत बेटाकडे जायचं तर ६५ नॉटमधले ५५च उरतात, पल्ला १५ किलोमीटरवर येतो. पाठीशी वारा घेत माघारी फिरलं तर ७५ मिळतात, पल्ला साडेवीस होतो. दोन्हींची बेरीज मात्र तीच, साडेपस्तीस! वाऱ्यामुळे "इथपर्यंत मागे, इथून पुढे" ही रेघ समुद्रावर सरकते, पण मध्ये भगदाड पडत नाही. त्या दिवशी वारा साधारण तसाच होता, त्यामुळे आमची रेघ मध्याच्या थोडी पुढे, १७ ते २० किलोमीटरच्या दरम्यान आली. हे गणित अगदी काठावरचं आहे. मागे वळण्यात काही शे फूट जातात, आणि काय झालं हे कळेपर्यंत दहा सेकंदांत शंभर-सव्वाशे फूट जातात. शिवाय बेटाचा किनारा खडकाळ आहे. पल्ला पुरला म्हणजे कड्याजवळच्या पाण्यात, होड्यांच्या आसपास उतरता येईल इतकंच. म्हणून अंगात लाइफ जॅकेट होतीच, पण न फुगवलेली. केबिनमध्येच फुगवली तर पाणी आत शिरल्यावर माणूस छताला चिकटून राहतो आणि दारातून बाहेर पडता येत नाही.

हजार किलोचं विमान साडेसहा हजार फुटांवर नेलं की त्यात साधारण १.९ कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा साठते. आकडा मोठा वाटतो, पण लिटरभर पेट्रोलमध्ये तीन कोटींहून जास्त ज्यूल असतात. दोन जिवांना अर्ध्या समुद्रापार नेणारी ही सगळी ठेव सहाशे-सव्वासहाशे मिलिलिटर पेट्रोलएवढी! इंजिन आणि पंखा मिळून बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतात, त्यामुळे प्रत्यक्षात पेट्रोल काही लिटर जळतं. तरीही एवढ्या स्वस्त विम्यासाठी दहा-बारा मिनिटं चढण्यात घालवायला कुणी कंटाळा करू नये.

हे पाणी पहिल्यांदा ओलांडणाऱ्याकडे अशी ठेव नव्हती. १० मे १९१२ला ग्लेन मार्टिन स्वतः बांधलेल्या समुद्री विमानातून न्यूपोर्टहून बेटावरच्या ॲव्हलॉनला पोहोचला, तेव्हा त्याच्या अंगाभोवती सायकलची फुगवलेली ट्यूब होती आणि पायाला होकायंत्र बांधलेलं होतं.

धावपट्टीच्या तोंडाशी थांबून मावसभावानं इंजिन मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर नेलं आणि किल्ली एकेक घर फिरवली. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिन चालू राहतं. एक मॅग्नेटो बंद केला की फेऱ्या थोड्या उतरतात, कारण दोन बाजूंनी पेटणारं मिश्रण आता एकाच बाजूनं, जरा सावकाश जळतं. काटा शंभरापेक्षा कमीच फेऱ्यांनी घसरला आणि किल्ली परत जागेवर येताच वर आला. फेऱ्या अजिबात उतरल्या नसत्या तर तो उडाला नसता, कारण मग बंद केलेला मॅग्नेटो खरोखर बंद होतोय की नाही, हाच प्रश्न आला असता.

लाँग बीचची मोठी धावपट्टी तीन किलोमीटरहून किंचित लांब. आम्ही तिचा छोटासा तुकडा वापरला आणि वर आलो. आणि मग मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट घडताना पाहिली. काचेच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळासारखा गोल तापमापक होता. जमिनीवर १८ अंश होते. वर जाताना हजार फुटांना साधारण दोन अंश तापमान उतरतं, असं आपण शिकवतो. इथे दीड हजार फुटांच्या आसपास काटा उलटा फिरला आणि २७ वर गेला. कारण खालचा समुद्र थंड आहे. उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह पाणी गार ठेवतो आणि पाण्यालगतची हवाही गार होते. त्याच वेळी पॅसिफिकवरच्या उच्चदाबाच्या पट्ट्यात वरची हवा खाली दबते आणि दबताना तापते. थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली बाष्प अडकून ढगांची चादर तयार होते, जी सकाळभर किनाऱ्यावर पसरलेली असते. ती विरेपर्यंत आम्ही अकरा वाजेस्तोवर थांबलो होतो. खाली पाणी आणि होड्या दिसत नसतील तर समुद्र ओलांडायचा नाही, हा मावसभावाचा स्वतःचा नियम. बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला अजून ढग होते आणि त्यांतून डोंगरांची पाठ वर आलेली होती. राजमाचीवरून पावसाळ्यात ढगांचा समुद्र पाहिलाय त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको.

पाण्याच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. मी भावाकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, "सगळ्यांना वाटतं. पाण्यावर आलं की प्रत्येक इंजिन खडखडायला लागतं." काटे जागच्या जागी होते. बदललं होतं ते माझं ऐकणं.

खाली उतरायला लागल्यावर त्यानं एक मूठ ओढली. कार्बोरेटरच्या अरुंद घशात हवेचा दाब उतरतो आणि पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तिथलं तापमान वीसेक अंशांनीही खाली येऊ शकतं. दमट हवा असेल तर बाहेर उबदार वाटणाऱ्या दिवशीही आत बर्फ जमतो आणि इंजिन गुदमरतं. मूठ ओढली की एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत येते.

बेटावरचा विमानतळ १,६०२ फुटांवर आहे. च्युइंगगमवाल्या रिग्ली कुटुंबाच्या ताब्यात बेट होतं, तेव्हा दोन डोंगरमाथे कापून आणि मधली घळ भरून तो बांधला. १९४६ला तो सुरू झाला. धावपट्टी ३,००० फूट लांब, आणि मधोमध उंचवटा. एका टोकावर उभ्या विमानाला दुसऱ्या टोकावरचं विमान दिसत नाही. २०१९ला अमेरिकेच्या मरीन आणि नौदलाच्या तुकड्यांनी ती नव्यानं काँक्रीटची केली.

इथे उतरताना डोळे फसवतात. साधारण तीन अंशांच्या उतारानं येताना सपाट धावपट्टी कशी दिसते, ते वैमानिकाच्या डोळ्यात बसलेलं असतं. ही धावपट्टी सुरुवातीला चढ घेते. समजा चढ एक अंशाचा असेल, तर बरोबर उतारावर असतानाही ती चार अंशांवरून दिसावी तशी उभट दिसते. आपण फार वर आहोत असं वाटून वैमानिक नाक खाली करतो. आणि धावपट्टीच्या आधी जमीन नाहीच, कडा आहे. समोरून येणारा वारा पठारावरून वाहत येऊन नेमका याच कड्यावरून खाली कोसळतो, ओढ्याचं पाणी बांधावरून पडावं तसा. डोळा म्हणतो खाली ये, हवाही खाली ओढते. मावसभाऊ मुद्दाम थोडा वरून आला. कड्याशी विमान खचलं, पोटात गोळा आला, त्यानं इंजिनाला जोर दिला, आणि चाकं काँक्रीटला लागली. थांबता थांबता उंचवट्यापलीकडे उरलेली धावपट्टी दिसली.

तिथल्या उपाहारगृहात बायसनचा बर्गर मिळतो. १९२४ला एका चित्रपटासाठी आणलेल्या बायसनांचे वंशज आजही बेटावर मोकळे फिरतात. विमानतळाच्या रस्त्यावर एक उभा दिसला, धुळीत माखलेला. मी कॉफी आणि कुकी घेतली.

निघताना पुन्हा तापमापक पाहिला, २७ अंश. गरम हवा विरळ असते, तिच्यात पंखाला उचल कमी आणि इंजिनाला प्राणवायू कमी. हिशोब केला तर १,६०० फुटांवरची ती हवा आमच्या विमानासाठी सुमारे ३,४०० फुटांवरच्या हवेसारखी होती. जमीन सोडायला लाँग बीचपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागला. उंचवटा ओलांडल्यावर चाकं उचलली गेली, धावपट्टी संपली, आणि त्याच क्षणी खालची जमीन निघून गेली. उंचीमापकावर शंभरेक फूटच वाढले होते, पण खाली दरी आणि तिच्या तोंडाशी निळं पाणी. दीड हजार फूट बेटानं आम्हाला फुकट दिले होते.

बेटावर घिरट्या घेत आम्ही ७,५०० फूट गाठले. पल्ला आता साडेवीस किलोमीटर. वारा तोच, १० नॉट, पण आता पाठीशी.

"ताई, रेघ कुठे?" त्यानं हेडफोनवर विचारलं.

कागद मांडीवरच होता. पाठीच्या वाऱ्यानं पलीकडच्या किनाऱ्याकडे पल्ला पावणेचोवीस. बत्तीस वजा पावणेचोवीस. "बेट सोडून सव्वाआठ किलोमीटर," मी म्हणाले. "तिथून पुढे मागे वळायचं नाही, सरळ दीपगृहाकडे."