मिठाने रंग पक्का होत नाही

घरी कापड रंगवायला शिकणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: रंगवलेलं सुती कापड मिठाच्या पाण्यात भिजव, रंग जाणार नाही. मीही भिजवलं. तिसऱ्या धुण्यालाही बादलीतलं पाणी निळंशार झालं, तेव्हा फार वाईट वाटलं.

मीठ निरुपयोगी नाही, पण त्याचं काम रंगवतानाचं. पाण्यातला रंग ते धाग्याकडे ढकलतं, एवढंच. मी वापरला तो रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुती कापडासाठीचा एक प्रकारचा रंग, सुताशी रासायनिक बंधाने जोडला जातो तो धुण्याच्या सोड्यामुळे. माझ्याकडून नेमका तोच घालायचा राहिला होता. सोडा घातला तरी थोडा रंग सुटाच राहतो. तो गरम पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत, काढून टाकावाच लागतो.

व्हिनेगरने रंग पक्का होतो, असंही सांगतात; पण ते लोकर-रेशमावरच्या अ‍ॅसिड रंगांसाठी, म्हणजे आम्लाच्या मदतीने धरणाऱ्या रंगांसाठी. सुतावर त्याने रंग धरत नाही.