ठरवून पडणारा आणि खरोखर पडलेला

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टसमोरच्या ओल्या लादीवरून तिसऱ्या मजल्यावरचे काका सटकन घसरले. माझा सहा वर्षांचा भाचा खदाखदा हसला. आई त्याच्यावर डाफरली, "अरे मेल्या, हसतोस काय? हात दे त्यांना!" पोरगं गांगरलं. आदल्या रात्री टीव्हीवर असंच कुणीतरी आपटलं तेव्हा आजीसकट सगळं घर हसलं होतं. त्याचा काय दोष? दोन वेगळे पदार्थ आम्हीच त्याला एका ताटात कालवून वाढले होते.

पहिला पदार्थ स्लॅपस्टिक, म्हणजे ठरवून पडण्या-आपटण्याचा विनोद. इटलीच्या 'कोमेदिया देल्लार्ते' या जुन्या नाट्यप्रकारात विदूषकाच्या हाती दोन चपट्या फळ्या जोडलेलं दांडकं असे. हाणलं की फळ्या एकमेकींवर आपटून फटाक् आवाज निघायचा, पाठीला मात्र फारसं लागायचं नाही. चिपळ्या भजनाऐवजी भांडणाला घेतल्या तर होईल तसं. मार खोटा, आवाज खरा. इंग्रजी शब्द या दांडक्यावरूनच आला. चॅप्लिन, लॉरेल-हार्डी, १९४० पासून एकमेकांच्या मागे धावणारे टॉम आणि जेरी, आपला लक्ष्या, सगळे याच घराण्यातले. यात धोका नसतोच असं नाही. बस्टर कीटन या विनोदी नटाने १९२८च्या एका मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर पाडून घेतली आणि खिडकीच्या उघड्या चौकटीतून तो सुखरूप राहिला. पण पाय कुठे रोवायचे हे आधी मोजून ठेवलेलं होतं. गडकरी रंगायतनला बालनाट्यात राक्षस धपकन आपटतो, आणि शेवटी तोच राक्षस रांगेत उभा राहून प्रेक्षकांना नमस्कार करतो. पोरांना तो नमस्कार दिसणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा पदार्थ घरगुती व्हिडिओंचा. अमेरिकन टीव्हीवर 'अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज' १९८९ मध्ये एक खास कार्यक्रम म्हणून आला आणि १९९० पासून नियमित सुरू झाला. मूळ कल्पना एका जपानी कार्यक्रमातली. प्रेक्षकांनी चित्रफिती पाठवायच्या, पहिल्या आलेल्याला तेव्हा दहा हजार डॉलर. (बक्षीस म्हटलं की काहीजण मुद्दाम पडणारच, तो भाग वेगळा.) इथे पडणारा नट नसतो, कुणाचा तरी आजोबा असतो. माणूस जमिनीला टेकतो, 'टुंईं' असा आवाज येतो, लोक हसतात आणि पुढची चित्रफीत लागते. तो उठला का, हाड मोडलं का, ते कात्रीत गेलेलं असतं. मोबाइलवरच्या रील्समध्ये तर ही कात्री आणखी धारदार.

टॉम-जेरी निर्धोक आणि व्हिडिओ वाईट, इतकं सोपं हे नाही. मुलं नक्कल दोन्हींची करतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६३ मध्ये लहान मुलांना एका फुगीर बाहुलीला बडवतानाची दृश्यं दाखवली. समोरचा खरा माणूस, पडद्यावरचा माणूस आणि कार्टूनसारखं मांजर, तिन्ही पाहून मुलांची मारामारी वाढली. १९६५च्या त्यांच्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. पण पुढे त्यांना खाऊचं आमिष दाखवल्यावर बहुतेकांनी तेच प्रकार करून दाखवले. म्हणजे शिकायचं ते शिकून झालंच होतं. तरी मला त्यातून इतकं कळतं, की पडल्यानंतर काय होतं ते दिसण्या न दिसण्याने पोराच्या वागण्यात फरक पडतो. घरगुती व्हिडिओत नेमकं तेच दिसत नाही, उलट हशा म्हणजे शाबासकीच.

म्हणून सहा-सात वर्षांच्या पोराला एकट्याने हे बघायला देऊ नये, असं माझं मत. सोबत बसलात तर चालेल. केक तोंडावर पडला, कुत्र्याने मोजा पळवला, त्यात कुणाचं काही जात नाही. मात्र झोपलेल्या बाळाला दचकवणं किंवा आजीला मुद्दाम घाबरवणं लागलं की मी सरळ चॅनेल बदलते. ते पडणं नव्हे, पाडणं आहे.

बाकीच्या वेळी मी रिमोटने चित्र थांबवून भाच्याला विचारते, "मग पुढे काय झालं असेल?" आधी तो वैतागायचा. काकांचा घोटा तेव्हा चांगला सुजला होता आणि आईने त्यालाच बाम घेऊन वर पाठवलं होतं. आता ट्रॅम्पोलिनवरून कुणी उलटा पडला की तो आधी हसतो, मग स्वतःच विचारतो, "मावशी, ह्याला बाम कोणी लावला?"