डोक्यात जागा चारच गोष्टींची

फोनवर नोटिफिकेशन्सचा पाऊस, लॅपटॉपवर वीस टॅब उघडे, आणि आपण दुसऱ्या खोलीत जाऊन नुसते उभे, की आपण इथे आलो कशाला होतो? साठीतल्या माणसाचं असं झालं की लगेच वय झालं म्हणतात, पण पंचविशीतली पोरंही हेच सांगतात.

१९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी लिहिलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो, पुढे २००१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे जागा मुळातच कमी, आणि ती विशीच्या आसपास सगळ्यात चांगली चालते, मग हळूहळू उतरते. मग तरुणांनी ओव्हरलोड सहज झेलायला हवा ना?

इथे गंमत आहे. ठरलेल्या वेळी एखादं काम आठवणीने करायचं, अशी चाचणी लॅबमध्ये घेतली की तरुण पुढे असतात, पण तसंच काम घरी रोजच्या धबडग्यात करायला दिलं की बरेचदा म्हातारी माणसं बाजी मारतात! त्याचं एक कारण असं सांगतात की त्यांचा दिवस जास्त बांधलेला असतो आणि ती सगळं डोक्यात ठेवत बसत नाहीत, कागदावर लिहितात, वस्तू डोळ्यांसमोर ठेवतात. तरुण मात्र एका कामातून दुसऱ्यात उड्या मारत राहतात, आणि संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं तसं आधीच्या अर्धवट कामाचा थोडा भाग मनात चिकटून राहतो, नव्या कामाला पूर्ण लक्ष मिळतच नाही. चाळिशीतल्यांचं तर विचारूच नका, मुलं आणि आईवडील दोन्हीकडचं त्यांच्याच डोक्यात.

मला सगळ्यात आवडतं ते पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं उदाहरण, जे पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ नेहमी द्यायचे. ऐंशीच्या घरातही इतकं छान कसं वाजवता, तर रुबिन्स्टाइन यांचं म्हणणं असं की रचना कमी निवडतो, त्यांचाच रियाज जास्त करतो, आणि जलद जागा येण्याआधी मुद्दाम जरा संथ वाजवतो म्हणजे पुढचं जलद वाटतं. बोटं मंदावली हे मान्य करून केलेली ही निवड आहे, आणि मला ती फार मोठी वाटते.

पण निवडायची ही बुद्धी म्हातारपणीच येते का? मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, अर्धा तास मोकळा आहे, कोणासोबत घालवाल, जवळचं माणूस, नवी ओळख झालेलं कोणी, की नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक? वयस्कर बहुतेक जवळचं माणूस निवडतात, तरुणांची निवड विखुरलेली. मग तरुणांना सांगितलं, समजा तुम्ही लवकरच एकटे लांब राहायला जाणार आहात, तर तेही जवळच्या माणसाकडे वळले. आणि वयस्करांना म्हटलं, समजा वैद्यकातल्या नव्या शोधामुळे तुम्हाला अजून २० वर्षं मिळणार आहेत, तर त्यांचीही निवड तरुणांसारखी विखुरली!