निबंधलेखन-शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता

निबंध लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मजकुराची संगणकीय छाननी करून त्याला गुण, दुरुस्त्या, सूचना किंवा प्रश्न देणाऱ्या प्रणाली आणि त्यांचा अध्यापनातील वापर. यात दोन वेगळी कामे येतात : लिहून झालेल्या निबंधाला गुण देणे आणि लिहिणाऱ्याला पुढच्या खर्ड्यापर्यंत नेणे. दोन्ही कामे एकाच तंत्रावर चालत असल्याने त्यांची सर्रास गल्लत होते. प्रस्तुत नोंदीचा भर दुसऱ्या कामावर आहे. इतिहास मात्र पहिल्यापासूनच सांगावा लागतो.

या उपक्रमाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. बहुतेक अभ्यासक १९६६ हे वर्ष देतात. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठातील एलिस बॅटन पेज (१९२४–२००५) यांनी त्या वर्षी संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना लेखरूपाने मांडली. त्यांच्या प्रणालीचे नाव ‘प्रोजेक्ट एसे ग्रेड’ (पीईजी). पेज पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. तपासायच्या वह्यांचे गठ्ठे साचतात, म्हणून शिक्षक निबंध कमी देतात आणि मुले कमी लिहितात, ही त्यांची खरी तळमळ होती. निबंधाचे अंगभूत गुण, म्हणजे विचारांचा ओघ, शब्दांची निवड वगैरे, यंत्राला मोजता येत नाहीत, हे त्यांनी मान्यच केले होते. त्यामुळे त्या गुणांच्या ऐवजी त्यांच्याशी सांख्यिकीय नाते असलेल्या मोजण्याजोग्या खुणा घेतल्या : निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या, कमी वापरातील शब्दांचे प्रमाण. आधी माणसांनी तपासलेल्या निबंधांवरून प्रत्येक खुणेचे वजन ठरे आणि ते वापरून नव्या निबंधाच्या गुणांचा अंदाज काढला जाई. त्या काळी निबंध पंचकार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर, चढवावे लागत. वर्गात नेण्याजोगी ही सोय नव्हती.

दुसरे मत आरंभ सुमारे दशकभराने पुढे आणते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लोरिंडा चेरी, नीना मॅकडोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीवर ‘रायटर्स वर्कबेंच’ हा आज्ञावलींचा संच तयार केला. तो गुण देत नसे. वाक्यांची सरासरी लांबी, कर्मणी रचनांचे प्रमाण, पाल्हाळिक शब्दप्रयोग एवढे तो लिहिणाऱ्यासमोर ठेवी आणि काय बदलायचे हे त्याच्यावरच सोडी. १९८० च्या दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने लेखनाच्या वर्गांसाठी तो वापरला. निबंध ‘शिकण्या’च्या दृष्टीने पाहता हा दुसरा प्रारंभ अधिक ग्राह्य वाटतो. आजच्या अर्थाने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणावे असे या दोहोंत फारसे काही नव्हते, हा आक्षेप मात्र रास्त आहे.

१९९० च्या दशकात मजकुराच्या आशयाकडे लक्ष गेले. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात यावरून अर्थाची जवळीक मोजणारे तंत्र टॉमस लँडॉवर आणि सहकाऱ्यांनी निबंधांना लावले. १९९९ मध्ये अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेची ‘ई-रेटर’ प्रणाली जीमॅट या व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेतील निबंधांसाठी मानवी परीक्षकाच्या जोडीने वापरात आली. २०१२ मध्ये ह्यूलेट प्रतिष्ठानने १ लाख डॉलरची बक्षिसे ठेवून अशा प्रणालींची स्पर्धा भरवली. तीत सातवी ते दहावीच्या मुलांचे आठ विषयांवरील निबंध होते. यंत्राचे व माणसाचे गुण कितपत जुळतात, हे ‘वर्गभारित कप्पा’ (क्वाड्रॅटिक वेटेड कॅपा) या सांख्यिकीय मापाने पाहिले गेले. या मापात पूर्ण मेळाला १ आणि निव्वळ योगायोगाने जुळण्याला ० धरतात. गुणांतील तफावत वाढली की दंड तिच्या वर्गाच्या पटीत वाढतो. काही प्रणाली माणसांच्या तोडीस तोड उतरल्याचा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील (एमआयटी) लेस पेरेलमन यांनी त्यावर कडक टीका केली. पुढे २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी भारदस्त पण निरर्थक निबंध तयार करणारी आज्ञावली लिहिली आणि अशा निबंधांना यंत्राकडून चांगले गुण मिळवून दाखवले. गुण जुळतात याचा अर्थ निबंध समजला असा होत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही टिकून आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या कंपनीचे चॅटजीपीटी हे संवाद साधत मजकूर लिहिणारे साधन खुले झाले आणि प्रश्नाचे रूप पालटले. तपासणारे यंत्र आता स्वतःच निबंध लिहू लागले. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि मे महिन्यात ती मागे घेतली. मार्च २०२३ मध्ये खान अकॅडमी या ऑनलाइन शिक्षणसंस्थेने तयार उत्तर न देता प्रश्न विचारत नेणारा ‘खानमिगो’ हा शिक्षक-साहाय्यक आणला. अशा रचनेमागचा विचार जुना आहे. लेखनप्रक्रियेचे अभ्यासक लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांनी १९८१ मध्ये लेखनाचे तीन मानसिक व्यापार सांगितले : आखणी, विचार शब्दांत उतरवणे आणि फेरवाचन. हे सरळ ओळीने एकामागून एक येत नाहीत. लेखक त्यांत मागेपुढे फिरत असतो. या फिरण्यात साथ देणारे साधन उपयोगी पडते. ते फिरणेच वाचवणाऱ्या साधनाने शिकणे बुडते.

हा फरक एका वाक्यातही दिसतो. समजा, सहावीतल्या मुलीने लिहिले : ‘आमच्या शाळेमागे एक विहीर आहे. ती खूप जुनी आहे.’ ‘हे सुधारून दे’ असे सांगितल्यास यंत्र ‘काळाच्या ओघात विस्मृतीत गेलेली एक प्राचीन विहीर आमच्या शाळेमागे उभी आहे’ असे काही देऊ शकते. मराठीत विहीर उभी राहत नाही, आणि त्या मुलीची विहीरही त्यात उरत नाही. त्याऐवजी ‘वाक्य बदलू नकोस, फक्त एक प्रश्न विचार’ असे बजावले, तर ‘विहिरीत डोकावल्यावर तुला काय दिसते?’ असा प्रश्न मिळू शकतो. पुढचे वाक्य मग मुलीलाच लिहावे लागते.

मराठीच्या अडचणी इंग्रजीहून निराळ्या आहेत. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि उपान्त्य स्वरही बदलतो : ‘विहीर’, पण ‘विहिरीत’. केवळ शब्दांची यादी जवळ असलेला तपासनीस यातले बरोबर रूपही चूक ठरवतो. औपचारिक लेखनात ‘केले’ आणि बोलण्यात ‘केलं’ असा भेद प्रमाण मानला, तर आत्मवृत्तात कोणते रूप घ्यावे हे प्रसंग पाहून ठरवावे लागते. घरी ‘मले-तुले’ बोलणाऱ्या वऱ्हाडी मुलाच्या संवादातील हीच रूपे चूक म्हणून खोडली, तर निबंधातला जिवंत भागच सर्वांत आधी नाहीसा होतो. मुंबईच्या आयआयटीतील मराठी शब्दजाल (वर्डनेट, म्हणजे शब्दांमधील अर्थसंबंध नोंदवणारा संगणकीय कोश) आणि पुण्यातील एल३क्यूब गटाने मराठी मजकुरावर घडवलेली ‘महाबर्ट’सारखी भाषा-प्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) ही या दिशेची पायाभूत सामग्री होय. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मवृत्त आणि वैचारिक लेखन असे प्रकार असतात. तिन्हींना एकच निकष लावणे गैर ठरेल.

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबणे धोक्याचे आहे. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन, कंपनीच्याच चाचणीनुसार, यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होते आणि माणसाच्या ९ टक्के मजकुराला यंत्राचा ठरवत होते. जुलैमध्ये ते बंद करण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजी-प्रावीण्याच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्रलिखित ठरवले. बेताचा शब्दसंग्रह आणि सरळ वाक्ये यांना ही साधने यंत्राची खूण समजतात. मराठी माध्यमातून येऊन महाविद्यालयात इंग्रजी निबंध लिहिणारा विद्यार्थी याच वर्णनात बसतो. त्याच्यावर केवळ अशा अहवालाच्या आधारे नक्कलीचा आळ घेणे अन्यायाचे आहे. त्याचे कच्चे खर्डे मागवणे आणि दोन मिनिटे त्याच्याशी निबंधावर बोलणे हा अधिक भरवशाचा पुरावा आहे.

युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत वर्गातील अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे. हे वय साधारण आठवीचे. त्याखालच्या वर्गांत साधन शिक्षकाच्या हाती राहते : वर्गाच्या निबंधांत वारंवार येणाऱ्या चुका गोळा करणे, एका विषयावर दहा वेगळे प्रश्न काढून त्यातले दोन फळ्यावर लिहिणे, किंवा यंत्राने लिहिलेला निबंध मोठ्याने वाचून त्यात काय खोटे वाटते हे मुलांना शोधायला लावणे.